हिराबाईंचं ऑपरेशन आणि माझा ट्रान्झिस्टर

मंगळवार, २६ नोव्हेंबर १९७४

डोकं उठलंय. गाण्याने पेशंटची भीती कमी होते, हे सर्जनसाहेबांना पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले, आणि आज त्यांच्यासमोरच फजिती.

खारबावच्या हिराबाई. हर्नियाचं ऑपरेशन. भूल मी कमरेत दिलेली, म्हणजे बाई पूर्ण जाग्या. माझा हात असा आवळला की नखं रुतली. उशाशी घरचा ट्रान्झिस्टर लावला, तर भजन संपून बाजारभाव सुरू! दुसरं स्टेशन लावावं तर नुसती खरखर.

"बंद करा ते!" साहेब कडाडले.

बंद केला. हिराबाईंची नखं आणखी खोल रुतली.

तेवढ्यात दाराबाहेर त्यांच्या नणंदेने लग्नातले धवले गायला सुरुवात केली.

"हे हॉस्पिटल आहे की मांडव?" साहेब पुन्हा ओरडले. पण माझ्या हातावरची पकड सुटली होती. मी म्हटलं, "गाऊ द्या, सर. नाडी बघा, उतरतेय." शेवटचा टाका पडेपर्यंत नणंद गात राहिली.

संध्याकाळी वॉर्डात मी कौतुकाने विचारलं, "नणंदेच्या गाण्याने बरं वाटलं ना?"

"कसलं बरं, डाक्टरीनबाय! गावात धवले मी गाते. ती सगलं उलटंसुलटं गात व्हती. कवा उठते आनि तिला गप करते, आसं झालं व्हतं. पोटाचं ध्यानातच न्हाय राह्यलं."

आणि साहेब म्हणतात, उद्याच्या पेशंटसाठीही त्या नणंदेलाच गायला थांबवून घ्या. आता काय सांगू यांना?