कान तुटलेल्या कपाएवढं पाणी

मीरा रोड,
रविवार दुपार

ती. आई,
सप्रेम जयभीम.

सहा दिवस झाले, तुमच्या झाडांना मी पाण्याचा थेंब घातलेला नाही. नळाला पाणी आहे. सकाळी दीड तास धो धो येतं, तरी घातलेलं नाही. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून हे दुपारचे झोपलेत तोवर लिहायला बसले. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, ते कळतंय मला. पण दहा वर्षं तुमच्याशी बोलल्याशिवाय एक दिवस गेला नाही. बोलणं कमी आणि कुरकुर जास्त, तेही कबूल.

चिलटांपासून सुरू करते. जुलैत हॉलमध्ये बारीक काळी चिलटं दिसायला लागली. चावत नाहीत, पण चहात पडतात, नाकात जातात, टीव्ही लावला की पडद्यावर येऊन बसतात. ह्यांची मॅच चालू असताना बॉल कुठला आणि चिलट कुठलं ते समजेना. मी आधी केळ्यांवर संशय घेतला आणि केळी आणणंच बंद केलं. मग मोरीत फिनेल ओतलं, डोळ्यांना धार लागेपर्यंत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! चिलटं निघत होती तुमच्या झाडांच्या डब्यांतल्या मातीतून. डब्याला नुसता हात लागला की घोळका उठायचा.

शेजारच्या हंसाबेनना सांगितलं तर त्या म्हणाल्या, भाभी, तमाकू का पानी डालो. घातलं. चार दिवस घराला पानपट्टीचा वास येत होता. मग हळद झाली. मग कडुलिंबाचं तेल, त्यासाठी ह्यांना बोरिवलीपर्यंत पिटाळलं. क्रोटनच्या पानांमागे पिठासारखं पांढरं काहीतरी धरलं होतं, ते साबणाच्या पाण्याने पुसलं आणि ते शहाण्यासारखं गेलं. चिलटं मात्र जायचं नाव घेईनात. शेवटी हे हार्डवेअरच्या दुकानातून फवारायचं औषध घेऊन आले आणि बाटली माझ्या हातात देऊन मोकळे झाले.

ती बाटली घेऊन मी अर्धा तास उभी होते, आई, तुमच्यामुळे. रोज सकाळी पंचशील म्हणताना पहिल्या, जीव न मारण्याच्या शीलाला तुमचा आवाज जरा चढायचा. साखरेतल्या मुंग्यांनासुद्धा तुम्ही फुंकर मारून बाजूला करायचात. पण डास? डास फटकन मारायचात, आणि मी हसले की म्हणायचात, तो आपणहून हातात आला. मग चिलटं कशात धरायची, मुंगीत की डासात? ह्यांना विचारलं तर म्हणाले, तू आणि तुझी सासू, मला मधे घेऊ नका. बाटली अजून कपाटावरच आहे.

खरं तर मला विचारायचंय ते वेगळंच. चिलटं नुसतं निमित्त.

अठ्ठ्याऐंशीत आपण ह्या बिल्डिंगमध्ये आलो तेव्हा घर होतं, खिडकीतून वारा होता, फक्त पाणी नव्हतं. टँकर आला की बायका हंडे घेऊन जिने उतरायच्या, आणि नाही आला की एकमेकींची तोंडं बघत बसायच्या. बोअरचं पाणी खारट. तेच घाला की झाडांना, असं मी म्हटलं होतं. खाऱ्या पाण्याने पानं जळतात, म्हणालात. म्हणजे ह्या महाराण्यांना पाणी लागणार ते प्यायचंच! मनीप्लांट, ओवा, कोरफड, क्रोटन, आणि तुपाच्या डब्यातली ती पानफुटी, जिचं एक पान तुम्ही गावाहून रुमालात गुंडाळून आणलं होतं.

त्या मे महिन्यात टँकर तीन दिवस फिरकला नव्हता. चौथ्या दिवशी आला. मी चार मजले दोन खेपा केल्या, दुसऱ्या खेपेला कंबर धरली. दारात आले तर तुम्ही तांब्याने पानफुटीला पाणी घालत होतात. माझं डोकं फिरलं. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की आवरत नाही, तुम्हाला माहीत आहे.

"इथे माणसांच्या घशाला कोरड पडलीय आणि तुम्ही डब्यांना पाणी पाजताय? म्हातारपणी ही झाडं पोसणारेत का तुम्हाला?"

तुम्ही हात थांबवलात. तांब्यात अर्धं पाणी होतं. ते परत हंड्यात ओतलं नाहीत, माझ्यासमोर आणून धरलंत.

"पी. दमलीस."

एवढंच बोललात. मी ते पाणी घटाघटा प्यायले, तेही रागाने. आज इतकी वर्षं झाली, मला समजलेलं नाही, ती माया होती की टोमणा. तुमच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती. तुम्ही भाजी जळली तरी आणि नातीचा पहिला नंबर आला तरी तशाच दिसायचात.

त्यानंतर तुमच्या हातात झाडांसाठी तांब्या दिसला नाही. कान तुटलेला एक कप होता, निळ्या फुलांचा. आधी मातीत बोट घालायचात, दोन पेरं आत. मग कधी कपभर पाणी, कधी तेही नाही. त्या बोटाच्या नखात माती राहायची आणि मी म्हणायचे, आई, हात धुऊन पिठात घाला. दोन चमचे पाणी वाचवायला ही एवढी नाटकं कशाला, असं मनात यायचं.

आणि आता मला हेच आठवत नाही, की तो कप आधीपासून होता, की मी बोलल्यापासून आला! रात्रंदिवस आठवून बघितलं. कप घरात होता हे नक्की, त्याचा कान माझ्याच हातून तुटला होता. पण तो झाडांपाशी कधी गेला? ह्यांना विचारलं, तर कुठला कप, म्हणाले. ज्या माणसाला घरात कप किती ते माहीत नाही, त्याला काय विचारणार?

गेल्या डिसेंबरात तुम्ही गेलात आणि एप्रिलात नव्या लाइनचं पाणी आलं. चार महिने थांबला असतात तर काय बिघडलं असतं? नळ सुटला तेव्हा अख्खी बिल्डिंग गॅलरीत येऊन हसत होती. हंसाबेननी नळाला कुंकू लावलं. मी बादली भरली आणि सरळ तुमच्या झाडांपाशी गेले. पहिलं पाणी त्यांना. मग रोज सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या, प्रत्येकाला. फरशी खराब होऊ नये म्हणून डब्यांखाली ताटल्या ठेवल्या, त्या नेहमी भरलेल्या असायच्या. पानं पिवळी पडायला लागली तशी मी पाणी वाढवलं. मला वाटायचं, बिचारी किती वर्षांची तहानलेली आहेत!

सोमवारी फिलूबाई आली. तीच हो, पाली गावची, मासळीची पाटी घेऊन येणारी. काट्यांनी बोटं फाटली की तुम्ही तिला पानफुटीचं पान गरम करून बांधून द्यायचात, ती सवय तिला अजून आहे. उंबऱ्यात पाटी ठेवून म्हणाली, म्हातारीच्या झाडाचं एक पान दे. आत आली, डबा बघितला आणि काही न विचारता बोट मातीत घातलं. अगदी तुमच्यासारखं. बोट काढलं तर काळं पाणी. तिने ते नाकाशी नेलं.

"पानी कोन घालतंय?"

मी म्हटलं, मीच, दोन वेळा.

"मग चिलटं तूच पाळलीस, बाय. माती वली हाय तवर ती हाय. त्यांची पिल्लं मातीत, मुळं खातात. सुकव सगळं. पंधरा दिस पानी न्हाय. तुजी सासू बोट घालून बघायची, तू बघत न्हाय का?"

मी तिथेच खाली बसले. ताटल्या काढल्या, त्यांत अळ्या वळवळत होत्या. पानफुटी हलवून बघितली तर खोड बुडाशी काळं, मऊ, हातात आलं. रुमालातून आणलेलं तुमचं झाड, टँकरच्या दिवसांत टिकलं आणि नळाला पाणी आल्यावर माझ्या हातून कुजलं. फिलूबाई त्या दिवशी पान न घेताच गेली. मी तिच्या देखत रडले नाही, ती गेल्यावर मोरीत बसून रडले.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. झाडांना तेवढंच पाणी लागतं म्हणून तुम्ही कपभर घालत होतात, की मी बोलले म्हणून? पहिलं खरं असेल तर मी आठ महिने उगाच स्वतःला खातेय. दुसरं असेल तर? कधी वाटतं, फिलूबाईपाशी काही बोलला असाल का, विचारावं. पण विचारायची भीती वाटते. तुम्ही थोडक्यावर भागवणाऱ्याच होतात, की आम्ही ठेवलं म्हणून थोडक्यावर भागवलंत? हे तुम्हाला हयातीत विचारायला माझी जीभ उचलली नाही, आणि नको तेव्हा मात्र सुटली.

चिलटं कमी झालीत, हेही सांगते. माती वरून भेगाळलीय. मनीप्लांटने मान टाकली आहे, पण कोरफड ताठ आहे. पाणी न घालणं किती कठीण असतं! तिसऱ्या दिवशी तांब्या भरून झाडांपाशी पोचलेसुद्धा होते. ह्यांनी हात धरला. अति तिथे माती, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या आईची झाडं आहेत, जरा तरी वाईट वाटू द्या. त्यावर ते म्हणाले, "वाईट वाटतं म्हणून तर धरलाय हात."

आज सकाळी झाडांची फळी पुढे ओढून झाडत होते. मागे खिडकीच्या कट्ट्यावर पानफुटीचं एक पान पडलं होतं. मी पानं पुसत होते तेव्हा गळलं असेल. सुकून सुरकुतलंय, आणि त्याच्या कडेने चार इवली रोपं फुटली आहेत, केसाएवढी मुळं धरून. त्याला माती नाही, पाणी नाही आणि माझी सेवा तर अजिबात नाही. मी ते तळहातावर घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. आनंद झाला की लाज वाटली, तेही नीट सांगता येत नाही.

पण बसल्या बसल्या एक समजलं. माफी तोंडाने मागायची असते. मी ती तांब्याने मागत बसले, तीही झाडांकडे. झाडांना ती नको होती, पानफुटी तर तिच्यापायी कुजली. तर आता तोंडाने मागते. त्या दिवशी म्हातारपण काढून बोलले ते चुकलं, आई. तुम्ही रागावला असाल तरी चुकलं आणि रागावला नसाल तरी चुकलं. मला माफ करा. मघाशी तुमच्या तांब्यातून पाणी प्यायले, बसून, सावकाश.

ते पान मी तुपाच्या त्याच डब्यात ठेवणार आहे, माती नवी घालून, खाली ताटली न ठेवता. कान तुटलेला कप सापडलाय, कपाटात मागे होता. आधी बोट, दोन पेरं आत, आणि सुकलेलं असेल तरच पाणी, त्या कपाएवढं. फिलूबाईला पान देण्याइतकं झाड झालं की तिच्या बोटाला मी बांधून देईन. पहिलं पाणी अजून आठ-नऊ दिवसांनी. तोवर धीर धरते. जमेल मला, तुम्ही काळजी करू नका.

तुमचीच सून,
शालन