भिंतीवर चिकटवलेली ओळ

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मिशनचा दवाखाना उघडून तीन आठवडे झाले. जुन्या गोदामाला चुना दिला, आठ खाटा मांडल्या आणि आठही रिकाम्या आहेत. बायका येतात, गाद्या दाबून पाहतात, माझं लग्न का झालं नाही ते विचारतात आणि निघून जातात. बाईच्या हातातली सुरी कुणाला खपत नाही. महिनाअखेर मिशनची मंडळी येणार. खाटा अशाच दिसल्या तर इथे पुन्हा पोती रचतील.

तुझ्या जुन्या पत्रातली ओळ टेबलासमोर भिंतीवर चिकटवली आहे: ‘आवडलंय ना, मग सोडायचं नाही.’ कॉलेजात तिच्यावरच तगले.

लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.

तुझी भाची

१० मार्च

चि. डॉक्टरीणबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव सुखावला. दवाखान्यात एवढी गर्दी, तेव्हा जेवणाची हेळसांड करू नकोस. मी ठणठणीत. हल्ली दिवे मात्र कुणी धड बनवत नाही, आणि शाई म्हणजे नुसतं पाणी. काल दुकानदाराला चांगलं फैलावर घेतलं. तुझी आई म्हणते, तो खांब होता. माझी खोड काढायची तिला सवयच आहे.

गर्दीतून वेळ काढून आठवण ठेव.

आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गर्दी कसली, आत्या? तू पत्र वाचलंच नाहीस. तुझी तिरपागडी उत्तरं मी आजवर थट्टा समजत होते. या खेपेला तुझ्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. मोतीबिंदू असणार. हे पत्र आईकडून वाचून घे आणि रागावून झालं की तिच्याबरोबर निघून ये. खिडकीजवळची खाट तुझी.

मला भीती वाटते आहे, हे तुलाच सांगते. लोभ धर, हातही धर.

तुझी भाची

५ जून

चि. डॉक्टरीणबाईस चष्म्यातून आशीर्वाद.

सुखरूप पोचले. माझी खाट कुणाला दिलीस? मी आंधळी झाले का ते बघायला अख्खी गल्ली लोटली होती, विसरू नकोस. पट्टी सुटल्यावर मी खिडकीतूनच शिंपीणबाईची उसवलेली बाही दाखवली, तेव्हा पहिली तीच आत आली. मंडळी आली तोवर खाटा भरल्या, आणि चष्मा लागल्यावर तू मलाच घरी पिटाळलंस.

आता कबुली देते. गेली काही वर्षं तुझी पत्रं मला दिसतच नव्हती. सांगायची लाज वाटे, म्हणून अंदाजाने उत्तरं ठोकत होते. परवा सगळी काढून वाचली. कॉलेजातून तू लिहिलं होतंस की वर्गातली मुलं हसतात, सोसवत नाही, घरी येऊ का? मला वाटलं, सुट्टीत दुकानात पाहिलेलं घड्याळ घेऊ का, असं विचारतेस. भिंतीवरची ओळ त्या घड्याळाची आहे. हे कळल्यावर, डोळ्यांसाठी तू रडायची मनाई केली असूनही, पोटभर रडले.

ती काढून टाक. ही नवी लाव. पत्र दोनदा वाचून, समजून, सरळ लिहिली आहे: आवडलंय ना, मग सोडायचं नाही.

आत्या