हळदीसारखे लावा

मी, उज्वला पुंजाराम निकम, वय ७३, निवृत्त शिक्षिका, राहणार गंगापूर रोड, नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. तेव्हा आशा होती.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगी निकिता हिला. "आई, अंगणात फरशी टाकू, गाडी राहील," असं ती चार वर्षं म्हणते आहे. टाक बाई. आता माझी हरकत नाही.

२. यजमानांची पत्रा कापायची कात्री भाचा शेखर यास. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिनेच माझ्या आयरिसच्या नावपट्ट्या कापल्या. फुलवाल्याकडचा निळा आयरिस सगळ्यांना ठाऊक. मला ठेंगण्या, तपकिरी, धुरकट रंगाच्या जाती घरोघरी पोचवायच्या होत्या. अठरा वर्षं त्यातच गेली.

३. पुष्पप्रदर्शनवाल्यांना काहीही देऊ नये. माझ्या कुंडीत आयरिसचं फूल उमललेलं असताना त्यांनी ती 'शोभेची पाने' विभागात मांडली.

४. कबुली. मी दोनशे कंद फुकट वाटले, सोबत पत्रक दिलं. लोकांना सोपं जावं म्हणून त्यात लिहिलं, "हळदीसारखे लावा." मला म्हणायचं होतं, तसाच तुकडा, तेवढंच अंतर. पण या कंदाची पाठ उन्हात उघडी राहावी लागते, हे लिहायचं राहिलं. लोकांनी तो चार बोटं खोल पुरला. पावसाळ्यात सगळे कुजले. दोनशे घरांतला आयरिस मीच मारला. याची भरपाई कोणत्याही कलमात बसत नाही.

५. शेवटची जिवंत कुंडी मखमलाबादच्या मालनबाई पिंगळे यांना. दोनशे जणांत त्या एकट्याच सांगायला आल्या. "मॅडम, सडला वो. तुमच्याच कागदावर हळदीवानी लिवलं व्हतं. हळद काय कोनी उघडी ठेवतं?" असं म्हणून रडल्या. बाकीच्यांना तो गेल्याचं कळलंही नसावं.

आज त्यांना बोलावून हे कलम वाचून दाखवलं. म्हणाल्या, "नको मॅडम. एकडाव माझ्या हातानं मेलाय. परत नाय पाहवणार." वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, बाईंना आता काहीच मिळत नाही, तेव्हा त्यांची सही चालेल.

कलम ५ रद्द. कुंडीला वारस नाही.

नाशिक, दि. १४ जुलै २०२५
सही: उज्वला पु. निकम

माझ्यादेखत सही केलेले साक्षीदार:
१. खंडेराव गायधनी, शेजारी
२. मालनबाई पिंगळे