खिडकीच्या फटीतल्या चिंध्या

अवधपुरी, भोपाळ

चि. लीलास ताईचे अनेक आशीर्वाद. बोल माझे, अक्षर पल्लवीचं. चुका नातीच्या समज.

मी बरी आहे. तुझ्या भाच्याने, उदयने, ह्यांच्या खोलीत गॅस मोजायची एक डबी टांगली आहे. जमिनीतूनही गॅस येतो म्हणे. वास नाही, रंग नाही, पण छाती खातो. हे गेले तेव्हा डॉक्टर विचारत होते, विडी ओढायचे का? ह्यांनी कधी सुपारीही खाल्ली नाही.

गॅस म्हटल्यावर मी आधी पदर ओला केला. उदय हसला, मग त्यानेच पदर पिळून दिला.

डबी आहे तोवर खिडक्या बंद ठेवायच्यात. बंद खोलीत हा गॅस साठतो, असं उदय सांगत होता. गॅसच्या त्या रात्रीनंतर हे जन्मभर खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबून झोपले. भावजी लोणच्याच्या बरणीत झोपतात, म्हणून तूच चिडवायचीस. बाहेरचा आत येऊ नये म्हणून जपायचे गं.

उदयला मी चिंध्यांची आठवण करून दिली नाही. पल्लवीलाही शपथ घातली आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? आलीस की वरच्या खोलीत झोप. खालच्या चिंध्या अजून तशाच आहेत. ह्यांच्या हातच्या, काढवत नाहीत.

तुझी ताई
(अंगठा उठवणार होते, पण पल्लवीच्या डोळ्यांनी कागद आधीच ओला केलाय.)