नाव खरवडलेली बाटली

वाशिम,
११ ऑगस्ट २०२५

चि. सुकेशनी हिस,
जयभीम. आशीर्वाद दरवेळी आधी लिहिते. आज शेवटी जागा उरली तर लिहीन.

ज्या पार्सलावर नाव नाही त्याले मी हात लावत नाही, असं बाबा म्हणाले होते. तू तेव्हा फ्रॉकमध्ये होतीस. अनसिंगच्या एसटी स्टँडवर ते पार्सलं उतरवायचे. आत्यानं हिंगोलीहून सीताफळांचा करंडा गाडीनं पाठवला आणि वर नाव लिहायला विसरली. करंडा आपलाच, हे साऱ्या फलाटाला ठाऊक; आत्याच्या हिरव्या लुगड्याची चिंधीच त्याला बांधलेली. तरी बाबांनी तो घरी आणला नाही. सीताफळं तिथंच पिकून फुटली आणि मुंग्यांनी खाल्ली. तू दाराशी बसून भोंगा पसरलास, पण शेषराव बाबा काही हलले नाहीत. त्या माणसाची तू मुलगी, आणि मायला नाव खरवडलेली बाटली पाठवतेस.

फोनवर आपण दोघी एकाच वेळी ओरडतो, म्हणून लिहिते. कागद तुला मध्येच कापता येणार नाही.

मी अनसिंगला गेले तेव्हा मायचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे झाले होते. दाराची कडी लागली असंल, म्हणाली. दुसऱ्या दिवशी मिसरी घासताना हिरडीतून रक्त आलं ते थांबेना. तशीच तिला वाशिमला दवाखान्यात आणली. हृदयाची झडप बदलल्यापासून ती रक्त पातळ ठेवायची गोळी घेते, हे तुला सांगायला नको. डॉक्टर म्हणाले की रक्त इतकं पातळ झालंय की पडली असती, डोक्याला मार लागला असता, तर हातची गेली असती. गोळी दुप्पट घेतली का, नवीन काही औषध चालू केलं का, असं त्यांनी विचारलं. तर मायनं कमरेच्या पिशवीतून मोठ्या तोऱ्यात तुझी बाटली काढली. माह्या लहान्या लेकीनं धाडली, गुडघ्याचे थेंब हायेत, जिभेखाली धराचे, असं सांगितलं.

डॉक्टरांनी ती उजेडात धरून फिरवली. लेबल ब्लेडनं खरवडलेलं, डिंकाचे डाग तेवढे उरलेले, त्यावर तुझी चिठ्ठी: गुडघ्यासाठी, सकाळ-संध्याकाळ. शेजारी फूल काढलेलं. यात काय आहे, असं त्यांनी मला विचारलं. वर्गातल्या चुकलेल्या पोरांना मी जसं उभं करते, तशी मी त्यांच्यासमोर उभी होते. तुझा फोन संध्याकाळपर्यंत बंद. प्रशिक्षण होतं म्हणे. मग तुझा निरोप आला, भांगेच्या पानांचा अर्क, सीबीडी. मी भर वॉर्डात ओरडले की हिनं मायला गांजा दिला, आणि बाटली मोरीत ओतली, धुऊन कचऱ्यात टाकली. त्याचं मला वाईट वाटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात तूच कौतुकानं सांगत होतीस, की तुमच्या त्या औषधांच्या कंपनीत फोनवर प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारावं लागतं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. परक्यांना विचारतेस. आपल्या मायच्या वेळी तुझी जीभ कुठं गेली होती?

आता ती माझ्याकडे आहे. परवा पौर्णिमेला तिला इथल्या विहारात नेलं. पंचशील सुरू झालं. चार ओळी ती सगळ्यांबरोबर म्हणाली. पाचव्या ओळीला, नशेच्या वस्तूपासून दूर राहीन या ओळीला, तिनं तोंड मिटलं. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा ती आजीच्या कडेवर होती. बोलायला लागल्यापासून ती ओळ म्हणत आली आहे.

काय केलंस ते आता तरी समजून घे. जागा उरली नाही.
तुझी,
धम्मदीपाताई


पुणे,
१८ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, आणि मग मला तुझा राग आला. दोन्ही लिहिते, म्हणजे तुला हवं ते निवडता येईल.

माझं चुकलं. तिची गोळी मला ठाऊक होती. गुंगी येत नाही म्हणजे अपायही नाही, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. त्यासाठी तू मला काय बोलशील ते मी ऐकेन. पण गांजा म्हणून तू जे भर वॉर्डात ओरडलीस, ते ऐकणार नाही.

भांगेच्या झाडात पुष्कळ द्रव्यं असतात. त्यातलं एक, टीएचसी, डोक्यात चढतं. लोक चिलीम ओढतात ते त्याच्यासाठी. दुसरं सीबीडी. त्यानं डोकं फिरत नाही, तार लागत नाही. आमचा अर्क पानांचा असतो, वर विजया असं आयुर्वेदातलं नाव छापलेलं असतं, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आम्ही तो कुणाला देत नाही. मायसाठी मी चिठ्ठी घेतली नाही, हा गुन्हा माझा. पण मायनं नशा केलेली नाही. तिचं शील जसंच्या तसं आहे. पाचव्या ओळीला तिचं तोंड मिटलं ते माझ्या थेंबांनी की तुझ्या आरडाओरड्यानं, याचा जरा विचार कर. आणि शीलाचाच हिशेब मांडायचा असेल तर ती रोज मिसरी घासते ती काय तुळस आहे का? तिच्यावर तू कधी ओरडली नाहीस.

तू विचारशील की लेबल काहून खरवडलं. खरं नाव सांगितलं असतं तर मायनं बाटलीला हात लावला नसता, आणि तू ती आधीच मोरीत ओतली असतीस. बुद्धजयंतीला मी आले तेव्हा विहारात सगळ्या बाया खाली सतरंजीवर, आणि माय मागं दाराशी, प्लास्टिकच्या खुर्चीत, चपलांच्या ढिगाजवळ. पोरं तिच्या खुर्चीखाली चपला सरकवत होती. तिनं मला पाहिलं आणि हसली. ते हसू मला बघवलं नाही. दुखण्याची साधी गोळी तिला रक्ताच्या गोळीमुळे चालत नाही. तुला विचारलं तर तू म्हणालीस की वय झालं, आता असंच. तुझ्या डोळ्यांसमोर असून तुला ती खुर्ची दिसेनाशी झाली होती. जुलैत तिचा फोन आला, की आज खाली मांडी घालून बसली व पोरी. तो आनंद मी कुठून आणू सांग.

आणि एक. लेबल मी खरवडलं, पण बाटलीच्या बुडाला बॅच नंबर होता, तो तसाच होता. डॉक्टरांनी तो कंपनीला कळवला असता तर आत काय किती आहे ते तासाभरात कळलं असतं. पण तू ती ओतून, धुऊन, कचऱ्यात टाकलीस. मी नाव लपवलं आणि तू वस्तूच नाहीशी केलीस.

हे पत्र मायला वाचून दाखव. नशेबद्दलचा भाग तरी नक्की वाच. तेवढं कर.
तुझ्या मायेवर हक्क सांगायची आज हिंमत नाही,
सुकेशनी


वाशिम,
२७ ऑगस्ट २०२५

चि. सुकेशनी हिस,
जयभीम. मायची तब्येत सुधारते आहे. हातावरचे डाग पिवळे पडले. गोळी कमी केली होती ती आता पुन्हा नेहमीवर आणली.

बुडाच्या नंबराचं मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, की मॅडम, तुमच्या घरात दोघीही हुशार दिसता. माय तपासणीसाठी रक्त द्यायला आत गेली होती, तेवढ्यात मी त्यांना तुझ्या पत्रातलं सगळं विचारलं. ते म्हणाले की बहीण सांगते ते बरोबर आहे, सीबीडीनं नशा होत नाही. एखाद्या बाटलीत टीएचसीचा अंश निघतोही, ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही; पण मायच्या वागण्यात तसं काही दिसलं नाही. खरी गोष्ट वेगळी. आपण घेतलेलं औषध यकृतात हळूहळू मोडलं जातं. हे थेंब तिथं जाऊन आडवे बसतात, मग रक्ताची गोळी मोडत नाही, साठत जाते. मायनं गोळी एकच घेतली, अंगात मात्र दोनाची झाली. नशा करत नाही म्हणजे काहीच करत नाही असं नसतं, हे त्यांनी मला समजावलं. आणि गुडघ्यावर याचा खरंच किती उपयोग होतो, त्याचा पुरावाही अजून कच्चाच आहे म्हणाले.

गांजा हा शब्द चुकला. तेवढा मी मागे घेते. त्याहून जास्त काही मागू नकोस.

तुझं पत्र मी मायला वाचून दाखवलं. नशेबद्दलचा भाग वाचला नाही. चिडायचं तेवढं चीड. तो वाचला असता तर तिनं त्याच पावली दुसरी बाटली मागितली असती. तिला मांडी घालून बसायचंय, तिला बाकी कशाचं भान नाही. पाचवी ओळ म्हणत नाही तर न म्हणो. जिवंत तर आहे. खुर्चीत बसलेली माय मला चालेल. तुला नसेल चालत तर तू इथं येऊन तिच्या हिरडीला कापूस धरून बघ.

यापुढे तिच्या नावानं काही पाठवायचं नाही, लेबलाचं नाही की बिनालेबलाचं नाही. माय आता कायमची माझ्याकडे राहील. मी ठरवलंय.
राग ओसरला की लोभाचं बघू.
धम्मदीपाताई


अनसिंग,
९ सप्टेंबर २०२५

धम्मदीपा आन सुकेशनी, दोघीले जयभीम.

दोघीले मिळून एकच पत्र लिहून राह्यली. पह्यले मोठीनं वाचावं, मंग लहानीले धाडावं, आन मधातली एकबी ओळ गाळू नये.

मी अनसिंगले आली. कोनी आनलं नाही, एसटीनं आली. धम्मदीपा, तू साळेत गेली का मी चष्मा लावला आन सुकेशनीचं पत्र काढून वाचलं. तू वाचून दाखवतानी मधातच अटकली, पान उलटवलं नाही तरी ढांग टाकली, तवाच मले समजलं. तुले काय वाटलं, मायले अक्षर येत नाही? तुया बाबानं पार्सलावरचे नावं वाचाले मलेच बसवलं होतं, त्यायचे डोये गेल्यावर.

परवाच्या पुनवेले मी पुन्ना पाचव्या ओळीले तोंड मिटून बसली. तुयी शेजारीन शीला मले कोपरानं ढोसून इचारे, का मावशी, झोप लागली का. तू बाजूलेच होती. नशा नोती हे तुले ठाव होतं, आन तू मले तशीच बसू देलं. वॉर्डात सारं गाव आयकन अशी बोंबलली, आन विहारात मायच्या कानात एक शब्द सांगता नाही आला?

सुकेशनी, तू लय खूश नोको होऊ. लेकराले कडू औषद गुळात घालून देतेत, तसं तू मले देलं. मीबी तुमाले तसं देत होती, पन तवा तुमी लेकरं होते. मी तुयं लेकरू नोहो. बाटलीवर फूल काढलं, ते फूल मी साऱ्याइले दाखवत फिरली. नशा हाय का नाही ते डॉक्टरले समजते. मले न सांगता देलं, हे मले समजते. आन मिसरीचं म्हनशीन तर ती कालपासून बंद. टोमना माराले तुमाले जागा राह्यली नाही पायजे.

गुडघा हलका वाटत होता हे खरं. थेंबानं का तू रोज दोन टाइम फोन करून थेंब घेतले का व माय इचारे त्यानं, ते मले सांगता येत नाही. आता फोनबी बंद, थेंबबी बंद.

मी कोनाकडे राहीन हे धम्मदीपानं ठरवलं. मी काय खाईन हे सुकेशनीनं ठरवलं. मले काय आयकवाचं हेबी ठरवलं. दोघी पोरी शिकल्या म्हनून मी गावात मान वर करून चालत होती. नाव नसलेलं पार्सल करून टाकलं तुमी मायचं, ह्या फलाटावरून त्या फलाटावर.

रक्ताची गोळी येळेवर घेऊन राह्यली. तपासाले सोमवारी येईन, एकटी. काळजीचा फोन करू नोका.

एक मांगते. येत्या पुनवेच्या आंधी दोघी या. सुकेशनीनं नवी बाटली आनावी, लेबल जसंच्या तसं. धम्मदीपानं ती आपल्या हातानं डॉक्टरच्या टेबलावर ठेवावी. मी इचारीन, तो सांगीन, आन घ्याची का फेकाची ते मी ठरवीन. तवर तुमी दोघी भायेर बाकड्यावर बसान, आन दोघीनं तोंड मिटून बसाचं. तुमी नाही म्हनान, मले ठाव हाय. एक म्हनीन का ते माह्या जित्तेपनी होनार नाही, दुसरी म्हनीन मले भेव वाटते. तरी मांगते, या.

तुमची माय,
भागिरथा