येडूला क्षमा करण्याची तयारी

१८ फेब्रुवारी, भस्म बुधवार. पहाटे पाच.
आजपासून लेंट, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ. ठरलं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आत हरवलेला आनंद आणि शांती परत मिळवायचीच. रोज पहाटे बायबल. चहा बंद. संताप बंद. शेवटी येडूला क्षमा.
आनंद आणि शांती, दोन्ही मागच्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी गेली. त्या दुपारी आमच्या चर्चमध्ये येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जण समजावून सांगतात, प्रत्येकी दहा मिनिटं. मला तहानेचा उद्गार आला होता, 'मला तहान लागली आहे'. मी रंगात आलो होतो. उजनी धरणाच्या पाण्यापर्यंत पोचलो होतो, तिथून वधस्तंभाकडे वळायचंच बाकी होतं. तेवढ्यात येडू उठला आणि माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवून गेला. अख्खं चर्च हसलं. उत्तम शुक्रवारी! आणि हा माझा शाळेपासूनचा दोस्त. (पाणी प्यायलो, ती गोष्ट वेगळी.)
तेव्हापासून बोलणं बंद. त्याच्या शेजारची जागा सोडून शेवटच्या बाकावर, दाराशी बसतो. माझा निषेध सगळ्या मंडळीला कळलेला आहे.

१९ फेब्रुवारी. सकाळ, बरीच उशिरा.
गजर शिवलीलाने बंद केला. बायकोवर संतापलो. शांती उद्यापासून.

२२ फेब्रुवारी, रविवार.
उपासनेनंतर येडू जवळ आला. म्हणाला, "बसायला त्रास होतो का बे?" टोमणा! पाठ फिरवली.
पाळकसाहेबांकडे या वर्षी पहिला उद्गार मागितला, क्षमेचा. वाटलं होतं आढेवेढे घेतील. लगेच हो म्हणाले. वर म्हणाले, पहिलाच घ्या, बोलून झालं की घरी गेलात तरी चालेल, तुमचा त्रास आम्हाला माहीत आहे. माझं दुःख त्यांना दिसतं. पोचलेला माणूस.

३ मार्च.
चहा सोडल्यामुळे डोकं धरतं. कॉफी घेतो. शेंगाचटणीही सोडली होती, पण कडक भाकरी कोरडी कशी खायची? आरोग्यही देवाचीच देणगी.

८ मार्च, रविवार.
पाळकबाईंनी माझ्या बाकावर स्वतः उशी आणून ठेवली. मान वाढतो आहे.

११ मार्च.
शिवलीलासमोर क्षमेची तालीम. येडूचे अपराध शाळेपासून क्रमाने घेतले. सायकल पंक्चर करून परत दिली. नाताळच्या नाटकात बाळ येशूला भेटी आणणाऱ्या मागी राजाचा रोल स्वतः घेऊन मला मेंढरू केलं. ग्लासपर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, "अय्यो, ही क्षमा हाय का पंचनामा?" तिचं माहेर अक्कलकोटचं, लिंगायत. क्षमेतले बारकावे तिला अजून उमगत नाहीत.

१५ मार्च. संध्याकाळ.
जुळे सोलापुरातून स्कूटरवर निघून येडूच्या रेल्वे लाइन्समधल्या घरापर्यंत गेलो. फाटकाशी थांबलो. आत तो ईस्टरच्या गाण्याची प्रॅक्टिस करत होता. हे गाणं आम्ही दोघं म्हणायचो, दुसरी ओळ माझी. पहिली ओळ म्हणून तो थांबला, माझ्या ओळीपुरतं गप्प बसला आणि मग तिसरी धरली. असं करू नये, गाणं तुटतं. त्याला कुणीतरी सांगायला हवं.
आत गेलो नाही. गाण्यात व्यत्यय नको.

२४ मार्च.
शिवलीलाने बातमी आणली. ईस्टर झाला की येडू कायमचा पुण्याला चाललाय, मुलीकडे, काव्याकडे. म्हटलं, जाईना का! ब्याद टळली.
रात्री जेवलो नाही. उपास आपोआप घडला.

२ एप्रिल.
भाषण तयार. येडूला उद्या वेदीवरूनच क्षमा करणार. घरी जाऊन केली तर बघायला कोण असतं?

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार.
झालं. नाव न घेता बोललो. म्हटलं, एका बंधूने मला भर सभेत दुखावलं, वर्षभर आतल्या आत जळलो, आज त्याला क्षमा करतो. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बरोबर दहा मिनिटं.
बाहेर येडूने मिठी मारली. म्हणाला, "लई भारी बोललास की! पण कोण बे तो? नाव सांग. मी बघतो त्याच्याकडं."
मी खिशात स्कूटरची किल्ली शोधू लागलो. मग तो कानाशी येऊन म्हणाला, "आणि मूळव्याधीचं टेन्शन घेऊ नको. दर बुधवारच्या प्रार्थनेत तुझं नाव मीच घेतो. बायकांनी उपास पण धरलाय."
घरी येऊन शिवलीलाला विचारलं, मला मूळव्याध कधी झाली? ती म्हणाली, "लोक इचारायचे, हे एवढं मागं का बसतात. नवरा पाण्याच्या ग्लासावरनं रुसलाय म्हणून सांगू काय? लाज वाटली मला. मूळव्याध बरी की!"

५ एप्रिल, ईस्टर.
पहाटेच्या उपासनेला येडूच्या शेजारी बसलो. त्याने पहिली ओळ म्हटली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी दुसरी म्हटली. आवाज फाटला. त्याचाही फाटला. इतका आनंद झाला की गाणं संपलं तरी खाली बसायचं विसरलो. वर्षभर मी हेच शोधत होतो की काय, देव जाणे.
तो बंधू कोण, हे सांगायचं राहिलं. उद्या स्टेशनवर सांगतो. माफीही मीच मागणार.

६ एप्रिल, सोमवार.
स्टेशनवर वेळेत पोचलो. पण बोलणं काही जमेना. पाण्याची बाटली आहे का विचारलं. डबा वेळेवर खा म्हटलं. काव्याला नमस्कार सांग म्हटलं. गाडी हलली तेव्हा धीर आला. खिडकीबरोबर चालत ओरडलो, तो बंधू तूच, येड्या, चूक माझी होती, मला माफ कर!
त्याने कानाला हात लावला. ऐकू गेलं नव्हतं. मग खिडकीच्या गजाला तोंड लावून, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "मूळव्याध कशी हाय आता?"
बरी आहे, म्हणून ओरडलो.