आबांची दोननळी आणि साहेबाची लाल काडतुसं

२४ नोव्हेंबर १९०७, घोडेगाव

डबा आला! लाल काडतुसं, बुडाला पितळ, नवी कोरी. बारा. मी दोनदा मोजली.

जंगलखात्याच्या साहेबाचा पट्टेवाला शाळेच्या दारात उभा राहिला तेव्हा पोरांचे पाढे थांबले आणि मला घाम फुटला. वाटलं, आली बदली! पण बदली नव्हती. साहेबाचा नाताळ आलाय. त्या दिवशी त्यांच्यात टर्की नावाचं मोठं विलायती पाखरू भाजतात, ते यंदा पुण्यात मिळालं नाही. खानसामा म्हणाला, मोर चालेल. माझे वडील आबा इथले जुने शिकारी, त्यांनी गेल्या आठवड्यातच कळवलं होतं — "मोरावर मी बार टाकत न्हाई. तळेघरच्या रानातले चार कोंबडे आणून देतो." साहेब त्यावर खूश झाला आणि म्हणून हे बक्षीस. बिनधुराच्या नव्या दारूची काडतुसं!

आबा डबा मांडीवर घेऊन बसले. एकेक काडतूस बोटांनी चाचपून बघितलं, वास घेतला. बासष्ट वर्षांचा माणूस, पण तोंडावर लहान मुलाचा आनंद. आता घोडेगावात ज्याला त्याला हे ऐकावं लागणार.

२५ नोव्हेंबर

झाकणावर इंग्रजी मजकूर आहे. माझं इंग्रजी तीन बुकांचं. तरी अक्षरं जुळवत जुळवत निघालं ते असं — ही काडतुसं फक्त नायट्रो, म्हणजे याच नव्या दारूवर पारखलेल्या बंदुकीसाठी.

आबांची दोननळी तीस वर्षांपूर्वीची. जुन्या साहेबानं विलायतेला जाताना दिलेली. नळीवर लाटांसारखी नक्षी आहे, लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवत बसायचो. तिच्या जन्माच्या वेळी ही नवी दारू होती तरी का?

आबांना विचारलं. फटकारलं मला!

"साहेब काय माजा हात तोडाया काडतुसं दील व्हय? लई शाना झाला मास्तर!"

आई चुलीपाशी हसली. पण माझ्या मनातून ते जाईना.

२७ नोव्हेंबर

काही नाही. पाढे, पाढे, पाढे.

३० नोव्हेंबर, जुन्नर

बंदुकीला तेलपाणी करून आणतो असं सांगून निघालो. परवान्याचा कागद बरोबर. खोटं नव्हे, अर्धं खरं.

इमामभाई शिकलगार, तीन पिढ्या हत्यारं दुरुस्त करणारं घर. त्यांनी नळ्या सुट्या केल्या, दोरीला टांगल्या आणि लाकडी दांडीनं हलकेच टोला दिला. देवळातल्या घंटेगत नाद निघाला. म्हातारा खूश झाला. "अवलाद चांगली हाय. सांधा कुठं सुटला न्हाई."

मग डब्यातलं मी बरोबर नेलेलं काडतूस त्यांनी हातात घेतलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

"मास्तर, ही नळी तारांची. लोखंडाची आन पोलादाची तार वळून, ठोकून केलेली. जुनी काळी दारू ढकलती. ही नवी धडका मारती. एखादा बार सोसंल, धा सोसंल. अकराव्याला नळी उकलली तर डाव्या हाताची बोटं ऱ्हात न्हाईत. मी बघितलाय एक हात. पुन्ना बघायचा न्हाई मला."

मी म्हटलं, मग काय घालू? म्हणाले, काळी दारू, तीही बेतानं. साडेपाच मासे पुष्कळ झाली, पाचच घाल. आणि छर्रा सहा नंबरचा. साहेबाच्या काडतुसात मोठा छर्रा आहे, तो बदकांना ठीक. कोंबड्याला तीस पावलांवर बारीक आणि पुष्कळ लागतो. मोठ्या दाण्यांतून कोंबडा सुखरूप निसटतो म्हणे!

दारूचा आणि छर्ऱ्याचा परवाना त्यांच्याकडे आहे, दोन्ही तिथूनच घेतलं.

पण आबांना हे सांगायचं कसं? साहेबाचं बक्षीस वापरू नका म्हणायचं? त्यांना तीस वर्षांत कुणी काही दिलं नाही. विचार करत लेण्याद्रीच्या वाटेला लागलो आणि अर्ध्यातून परत फिरलो. देवाला काय विचारणार? उत्तर मला आधीच सुचलं होतं. काडतुसं तीच ठेवायची, आतली दारू बदलायची.

१ डिसेंबर, जुन्नर

दारू मासा-मासा तोलायला बारीक काटा हवा. तो पुनमचंद शेठजींकडे. त्यांचा मुलगा माझ्या हाताखाली शिकून गेला, म्हणून नाही म्हणायची चोरी!

"मास्तर, जीव मारायच्या कामाला माझा काटा? आमच्यात चालत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

मी म्हटलं, शेठजी, बापाचा हात वाचवायचाय. सगळं सांगितलं. त्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "दारू तोला. दारू लग्नातही उडते. पण शिसं माझ्या काट्याला लागता कामा नये!"

आतून त्यांच्या आई, कस्तुरबाई, ओरडल्या — "आणि काटा धुऊन परत द्या!"

पाच-पाच माशांच्या बारा पुड्या बांधल्या. वैद्याच्या पुड्यांसारख्या दिसतात. छर्रा मात्र इमामभाईंच्या मापानं मोजला. शेठजींचा शब्द मोडवला नाही.

८ डिसेंबर, घोडेगाव

आज बाजार. आबा आणि आई दोघं गेली. हल्ली आई त्यांचा दंड धरून चालते. इतक्या वर्षांत हात धरलेला मी पाहिला नव्हता! मी चिडवलं तर आई लटकी रागावली, "तुला काय करायचंय रं?"

दार लावून बसलो. काडतुसाच्या तोंडाची वळकटी सोडायची, पुठ्ठ्याची चकती काढायची, छर्रे ओतायचे. खाली नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड बूच, आणि त्याच्याखाली दारू एवढीशी! चिमूटभर! करड्या रंगाची. या चिमटीत बोटं उडवायचं बळ? काळी दारू तिच्या दुप्पट जागा खाते, म्हणून बूच पातळ करावं लागलं. वर सहा नंबरचा छर्रा, चकती, वळकटी, कडेला मेण. बाहेरून फरक कळणार नाही.

नवी दारू शेणाच्या खड्ड्यात टाकून वर पाणी ओतलं.

डब्यात दहाच निघाली. दोन पुड्या उरल्या. आबांनी पाटलाला मिरवायला दिली असतील, दुसरं काय!

 शाळेत पोरानं दुसऱ्याच्या पाटीवर गिरवलं तर मी छडी मारतो. आज बापाच्या पाटीवर मीच गिरवलं. पण हात शाबूत राहील. राहू दे रागावले तर.

९ डिसेंबर

एक गोष्ट राहिलीच — धूर! काळ्या दारूचा धूर होणार, ढगभर. साहेबानं तर बिनधुराची म्हणून दिली. आबांना काय सांगू? "दंवानं दारू दमट झाली असेल." हे ठीक वाटतं. चार वेळा मनात म्हणून पाहिलं. खोटं बोलायला इतकी तालीम लागते, हे पोरांना शिकवायला हवं!

११ डिसेंबर, चंपाषष्ठी

तळी उचलली. खंडोबापुढे बंदूक आडवी ठेवलेली, तिला हळद लागलेली. भंडाऱ्याची परात शिगोशीग. मी शाळेतून उशिरा पोचलो तर आई देव्हाऱ्याशी फिरकू देईना, आधी पाय धू म्हणाली. येळकोट येळकोट करताना आबांचा आवाज फाटला.  किती दिवस असतील ते आता? मला आबा हवे आहेत, दोन्ही हातांसकट.

१६ डिसेंबर

आबांनी मला छर्ऱ्याबद्दल विचारलं! "मास्तर, साहेबाच्या काडतुसात कितवा नंबर रं? तूच वाच." मी वरचा छापलेला आकडा वाचून दाखवला. आतला नाही. जेवण गेलं नाही.

२१ डिसेंबर, तळेघर

दिवसभर चाल. इथं जानकूमामांच्या घरी उतरलो. मामांची नाचणी झोडून झालीय, भातही आत आलंय. वाटेत ओढ्यावर आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो पार वर चढेपर्यंत काढला नाही. थकले. मीही थकलोय, पण मला बरं वाटलं.

२२ डिसेंबर, तळेघर

आल्याआल्या लिहायला बसलो.

तांबडं फुटताना रानात जाऊन बसलो. आबा हिरड्याच्या बुंध्याशी, डोळे मिटून, नुसते ऐकत. जुने शिकारी असेच बसतात, मला वाटलं. मला त्यांनी डावीकडे लांब, करवंदीच्या जाळीआड बसवलं. "हलू नगंस."

कोंबडा आरवला. पुन्हा आरवला, जवळ. आबांनी बंदुकीचे दोन्ही घोडे चढवले, ती खांद्याला लावली आणि उजव्या नळीचा बार काढला. कोंबडा जागीच उलथला! काय नेम! मी सगळं विसरून उचलायला जाळीतून निघालो. चार पावलं गेलो असेन — आणि थिजलो.

धूर कुठाय?

ढगभर धूर व्हायला हवा होता. हवा स्वच्छ. कोवळं ऊन सरळ आबांच्या नळीवर पडलेलं. म्हणजे नळीत माझं काडतूस नव्हतं. साहेबाचं होतं! आणि डाव्या नळीतही तसलंच असणार.

मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "आबा! चाप ओढू नका! आबा, थांबा!"

बंदूक खाली आली. धावत जाऊन मी ती हातातून घेतली, उघडली. दोन्ही काडतुसांच्या बुडाला पिवळं — भंडारा! आमच्या घरची रीत, मोठ्या शिकारीचा पहिला बार देवाचा. त्याची काडतुसं आधी भंडाऱ्यात निजवायची. डबा आला त्याच दिवशी आबांनी दोन काढून देवापाशी दिली होती. आणि मी, याच घरात वाढलेला, पाटलाच्या नावावर खपवून मोकळा! पुस्तकं वाचली आणि घरचं विसरलो. गाढव मी!

मग सगळं सांगितलं. इमामभाई, काटा, पुड्या, दंवाचं खोटं, सगळं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "धूर न्हवता व्हय?"

"नव्हता, आबा."

खाली बसले. हात गुडघ्यांवर. त्यांचे हात थरथरताना मी पहिल्यांदा पाहिले. मला वाटलं, संतापानं.

"हात माजा व्हता, राघू," म्हणाले. "इचारायचंस तरी."

मी रडलो. अडतीस वर्षांचा मास्तर, रानात, मेलेल्या कोंबड्यापाशी.

२३ डिसेंबर

आबा अबोल. मामांनी एकच कोंबडा साहेबाकडे धाडला. चार कबूल केले होते.

२५ डिसेंबर, घोडेगाव

नळी पुन्हा पुन्हा पाहिली. आत तेलाचा बोळा फिरवला, उजेडाकडे धरली. फुगवटा नाही, चीर नाही. एक बार तिनं हसत सोसला. दुसराही सोसला असता? मग मी ओरडलो कशाला? म्हाताऱ्याची शेवटची शिकार नासली, अब्रू गेली, आणि वाचवलं काय, तर जे मोडणारच नव्हतं ते. इमामभाई म्हणतील, अकराव्याला कळतं. पण आबा अकरा बार काढणार होते का कधी? मी फार विचार करतो आणि नको तिथे करतो. बायको असती तर तिनं कान उपटला असता.

माफी मागितली. "बरं," म्हणाले. तेवढंच.

२८ डिसेंबर

आबा आज आपणहून बोलले. अंगणात, उन्हात.

"तू वरडलास तवा कुठं व्हतास रं?"

"करवंदीच्या जाळीबाहेर. कोंबडा उचलायला निघालो होतो."

"पाला वाजला. मला वाटलं, दुसरा कोंबडा. मी तिकडंच धरली व्हती बंदूक." माझा हात शोधून धरला. "दिसत न्हाई मला, राघू. दोन सालं झाली. तुज्या आईला ठावं हाय."

मग माझं तोंड हातांनी चाचपत म्हणाले, "चाप निम्मा वडला व्हता."